साठेकाका पाण्याबाहेर

घरकामाला येणाऱ्या यादम्माने शोकेसखाली घातलेला झाडू बाहेर ओढला, तेव्हा त्याच्याबरोबर धुळीचा एक गोळा आला, एक जुनं रबरबँड आलं आणि साठेकाका आले. "अम्मा, चेपा! चेपा!" यादम्मा ओरडली. पद्मावती देवघरात होती. निरांजनाची वात पुढे सारता सारता तिचा हात थांबला. चेपा म्हणजे मासा, एवढं तेलुगू तिला हैदराबादच्या बरकतपुऱ्यात जन्मल्यापासून येत होतं; पण झाडू आणि मासा यांचा मेळ बसायला थोडा वेळ गेला. बाहेर येऊन पाहते तो हॉलच्या फरशीवर पंजाएवढा सोनेरी मासा कुशीवर पडलेला, अंगाला कचरा चिकटलेला, कपाळावरचा पांढरा ठिपका धुळीने करडा झालेला. शेपटी एकदा हलली. का झाडूच्या धक्क्यानेच हलली, कोण जाणे. "मरगया अम्मा," म्हणत यादम्माने सुपली पुढे केली. "नक्को! हात नक्को लगा उसकू!" पद्मावती इतक्या जोरात ओरडली की यादम्मा सुपलीसकट मागे सरकली. भिंतीशी टाकी नेहमीसारखी उभी होती. आत बाकीचे चार मासे शहाण्यासारखे फिरत होते, पंप बुडबुडे सोडत होता. टाकीवरचं काचेचं झाकण मात्र बाजूला, शोकेसवर, नीट ठेवलेलं होतं.

साठेकाका हे नाव मेधाने ठेवलेलं. मेधा म्हणजे पद्मावतीची सून, तेजसची बायको. पुण्याला तिच्या माहेरी शेजारी साठे नावाचे एक गृहस्थ होते, कायम तोंड खाली ओढलेले आणि जगातल्या यच्चयावत गोष्टींवर आक्षेप असलेले. हा मासा टाकीत सोडल्यावर त्याने काचेतून अगदी तसंच पाहिलं होतं म्हणे. त्याला पाच वर्षं झाली. लग्न होऊन आल्यावर पहिले दोन महिने सासू-सुनेचं बोलणं 'मीठ देऊ?' आणि 'नको' यापलीकडे जात नव्हतं. पद्मावतीच्या बोलण्यातले 'हौ' आणि 'नक्को' ऐकून मेधा गालात हसायची, आणि मेधाचं कडक इस्त्रीचं मराठी ऐकलं की पद्मावतीला, जिने तीस वर्षं इथल्या मराठी शाळेत गणित शिकवलं होतं, आपण परीक्षेला बसलोय असं वाटायचं. मग टाकी आली. एका संध्याकाळी मेधा टाकीसमोर उभी राहून, स्वयंपाकघरात नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काय साठेकाका, आज आमटी जरा जास्तच आंबट झाली होती, नाही?" पद्मावतीने ती रात्र आणि पुढचा दिवस जाऊ दिला. मग हात पुसत बाहेर आली आणि माशाला म्हणाली, "साठेकाका, इकडे चिंच अशीच घालतात. सवय करून घ्या म्हणावं." आतल्या खोलीतून मेधाचं हसू ऐकू आलं. तेव्हापासून घरात ती रीतच पडून गेली. समोरासमोर बोलायला जिवावर येईल असं सगळं काकांच्या मार्फत जायचं. उशिरा येण्याबद्दलची तक्रार, डॉक्टरकडे जायला टाळाटाळ करण्याबद्दलची दटावणी, एकदा तर माफीसुद्धा. बाळकृष्ण गेले त्या वर्षी, नवरा गेल्यावर माणसाला नेमकं काय विचारावं हे मेधाला कळत नव्हतं, तेव्हा ती काकांना विचारायची, "आई जेवल्या का हो नीट?" आणि पद्मावती स्वयंपाकघरातून उत्तर द्यायची.

गेले तीन दिवस काकांनाही कुणी काही विचारलं नव्हतं.

तिने हात ओले करून त्याला उचललं. ओल्या माशाचा बुळबुळीतपणा गेला होता. हाताला तो साबणाच्या सुकलेल्या वडीसारखा लागला. कल्ल्याच्या फटीत केसाचं एक वेटोळं अडकलं होतं, ते तिने नखाने काढलं. आता याला कुठे ठेवायचं? टाकीतलं पाणी हिरवट झालेलं होतं. सामान बांधण्याच्या गडबडीत मेधाने ते बरेच दिवस बदललं नव्हतं. त्या घाण पाण्यालाच तर कंटाळून बाहेर उडी मारली असेल, तिथेच कसं परत सोडायचं? नळाला आज पाणी आलं होतं, पण त्याला दवाखान्यासारखा वास असतो. स्वच्छ, चांगलं, निवळलेलं पाणी घरात एकच होतं, तांब्याच्या हंड्यातलं. हंडा तिच्या सासूबाईंचा. त्यात रात्री भरून ठेवलेलं पाणी सकाळी प्यायचं, हा नेम या घरात कधी चुकला नव्हता. फुलं तरंगत ठेवायचं लहान घंगाळ तिने खाली घेतलं. तेही तांब्याचंच, कालच चिंच लावून लख्ख घासलेलं. त्यात हंड्यातलं पाणी ओतलं आणि काकांना अलगद सोडलं. पाणी इतकं नितळ होतं की माशाची सावली तळाच्या लाल तांब्यावर स्पष्ट पडली. कल्ला एकदा उघडला. मिटला. पुन्हा उघडला. पद्मावतीला एकदम हुंदका आला, आनंदाचा की कशाचा ते तिलाही कळलं नाही. "बघ, आहे जिवंत," ती यादम्माला मराठीतच म्हणाली.

तो कल्ला उघडताना पाहून तिच्या स्वतःच्या छातीत काहीतरी आवळलं. हे तिला ठाऊक होतं. हवा सगळीकडे आहे, खोली हवेने भरलेली आहे, आणि ती आपल्याला घेता येत नाही. लहानपणी तिला दमा होता. आई पाठीशी उशा रचून तिला बसवून ठेवायची आणि ती आईच्या तोंडाकडे पाहत एकेक श्वास ओढून आणायची. मृग लागला की हैदराबादेत दम्याचं औषध देतात, अजूनही देतात. बोटाएवढ्या जिवंत माशाच्या तोंडात पिवळं औषध भरायचं आणि तो मासा रोग्याच्या घशात सोडायचा. लांबलांबून लोक येतात. आठ वर्षांची असताना अण्णा, तिचे वडील, तिला जुन्या शहरात घेऊन गेले. मासा न खाणाऱ्यांना तेच औषध गुळातून मिळतं, आणि घरून निघताना आईला गुळाचंच सांगितलेलं होतं. पण रांगेत चार तास उभं राहिल्यावर, पुढची पोरं एकामागून एक तोंड उघडताना पाहिल्यावर अण्णांचा निश्चय फिरला. "गुळाने अर्धाच गुण येतो म्हणतात," ते तिच्याकडे न पाहता म्हणाले आणि पलीकडून पिशवीतला मासा घेऊन आले. तिच्या घशातून तो उतरताना हलत होता. छातीच्या मधोमध, इथे, तो एकदा वळला. मग काही नाही. परतताना मलकपेठेपर्यंत दोघं एक अक्षर बोलले नाहीत. घरी आईने विचारलं, "गूळ कडू लागला का गं?" आणि तिने मान हलवली. तीन मृग ती तशी मान हलवत राहिली. दमा गेला, माशाने गेला की वयाने, हे कुणी सांगावं. पण खोटं बोलणं आपल्याला किती सहज जमतं, आणि आपला चेहरा त्या वेळी किती निरागस राहतो, हे तिला त्या वयात कळलं, आणि पुढे जन्मभर ती स्वतःच्या चेहऱ्याला जरा बिचकूनच राहिली.

तेच बिचकणं आता होत होतं. झाकण कुणी काढलं? तिनेच. सकाळी माशांना खायला घालायचं काम तिचं, कारण मेधाची कॅब साडेसातला येते. झाकण काढायचं, चिमूटभर दाणे टाकायचे, झाकण परत लावायचं. पाच वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. आज झाकण शोकेसवर होतं, कोपऱ्याला कोपरा जुळवून. विसरलेली वस्तू अशी ठेवलेली असते का? आणि पूजेला बसल्यावर बाहेरून फड फड असा आवाज आला होता, एकदा, दोनदा, मग बऱ्याच वेळाने आणखी एकदा. बाल्कनीत कबुतर आलं असेल, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. स्वतःला सांगावं का लागलं? तीन दिवसांपूर्वी जेवताना मेधा म्हणाली होती, "आई, शनिवारी ट्रक येतोय." एवढंच. शहराच्या दुसऱ्या टोकाला कोकापेटला दोघांनी घर घेतलंय, मासेही तिकडेच जाणार, ऑफिस तिथून दहा मिनिटांवर, इथून रोज दीड तास जायला आणि दीड तास यायला लागतो, हे सगळं खरं होतं, तिला मान्यही होतं. नोकरीसाठी लोकांनी काय कमी घरं सोडली? पण ट्रक ठरला, वार ठरला, आणि मग तिला सांगितलं. तेजसला महिन्याभरापासून माहीत होतं, आणि तो बंगळूरला कामाला जाताना नेहमीसारखा पाया पडून गेला होता. "तुम्हीपण चला ना," मेधा म्हणाली होती, आणि पद्मावतीने, "मला इथलं सोडवत नाही," असं शांतपणे उत्तर दिलं होतं. त्या रात्रीपासून तिच्या मनात एकच वाक्य फिरत होतं, की काहीतरी व्हावं. काय व्हावं, ते ती पुढे जाऊ देत नव्हती. आणि आज काहीतरी झालं होतं.

घंगाळात काका तिरके झाले होते. आधी तिला वाटलं पाणी हललं म्हणून. पण पाणी स्थिर होतं. कल्ले आता भरभर, धाप लागल्यासारखे उघडत होते, आणि पांढरट पोट हळूहळू वर येत होतं. उचललं तेव्हा होता त्यापेक्षा तो वाईट दिसत होता. यादम्मा गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. "अम्मा, एक बात बोलूँ? नारायणगुडा में ऐसेच मिलते. दूसरा लाके डालदेंगे. बहूकू क्या मालूम होता?" पद्मावतीने हा विचार आधीच केला होता. कपाळावर ठिपका असलेला मिळेल का, इथपर्यंत केला होता. मेधाला कळलं तर ती काय म्हणेल? काही म्हणणार नाही, हीच भीती होती. ती फक्त बघेल. जायच्या तीन दिवस आधी नेमके साठेकाकाच कसे मेले, असं बघेल, आणि मग कोकापेटला गेल्यावर दर रविवारी येईल, पेढे आणेल, पाया पडेल आणि जन्मभर तसंच बघत राहील. आणि आपल्याला 'नाही गं' असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, कारण आपल्यालाच ठाऊक नाही. तिने ओल्या हातानेच फोन उचलला.

पहिल्याच रिंगला मेधा म्हणाली, "आई? काय झालं?" ऑफिसच्या वेळात पद्मावती कधी फोन करत नसे.

"साठेकाका बाहेर पडले. टाकीतून. यादम्माला शोकेसखाली सापडले."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दार, मग मेधाचा चालताना येणारा श्वास. "किती वेळ होता बाहेर?"

"माहीत नाही गं. पाव तास असेल. जास्तही असेल. कल्ले हलतायत, पण उलटा होतोय."

"आत्ता कशात ठेवलाय?"

"तांब्याच्या घंगाळात. हंड्यातलं पाणी घातलंय, चांगलं," पद्मावती म्हणाली, आणि 'चांगलं' म्हणताना तिच्या आवाजात थोडा अभिमानही आला.

"काढा! आई, आधी बाहेर काढा त्याला. तांबं विष असतं माशांना. टाकीतलंच पाणी घ्या, प्लास्टिकच्या टबात. हिरवं असू दे, त्याच्या सवयीचं आहे ते."

पद्मावतीने काकांना उचलून ओंजळीत धरलं आणि यादम्माने टाकीतून मगाने पाणी काढून टबात ओतलं, तेवढ्या अर्ध्या मिनिटात पद्मावतीला वाटलं, आपण या घरात जे काही सगळ्यात चांगलं म्हणून वाढलं, त्यातलं आणखी काय काय असं कुणाच्या जिवावर उठलं असेल? तेजसला, मेधाला, बाळकृष्णांनासुद्धा. हे खूप मोठं दुःख होतं आणि त्याला आत्ता वेळ नव्हता. पंपाची नळी टाकीतून काढून टबात सोडली. फोन स्पीकरवर लावून फरशीवर ठेवला. ती मांडी घालून बसली. गुडघे कुरकुरले, पण बसली.

"पोटाखालून धरा," मेधा सांगत होती. "दाबू नका. तोंड बुडबुड्यांकडे. आता हळूच पुढे न्या, फक्त पुढे. मागे ओढायचं नाही, कल्ल्यात पाणी उलटं शिरतं. कडेपर्यंत न्या, वळवा, परत पुढे." पद्मावती नेत होती. पुढे, वळवून, पुन्हा पुढे. तळहातावर तो निपचित होता. पाणी त्याच्या तोंडातून आत जाऊन कल्ल्यांतून बाहेर पडत असेल असं ती समजून चालली होती, कारण दिसत काहीच नव्हतं. असं कोण कुणाला शिकवतं, श्वास घ्यायला? आईने शिकवलं होतं. उशांना टेकवून, हळू, पद्मा, हळू, एकच घे, पुढचा नंतर बघू. तिच्या नकळत ती तेच माशाला म्हणत होती. यादम्मा, जी दहा मिनिटांपूर्वी त्याला सुपलीत भरणार होती, ती आता नळी धरून बसली होती आणि बुडबुडे थेट त्याच्या तोंडावर जातील अशी ती वळवत होती. "हिल्या अम्मा! कान के पास हिल्या!" ती मध्येच ओरडली. "कल्ला हलला का?" फोनमधून मेधाने विचारलं. "हौ बहू, हिल्या," यादम्माने परस्पर उत्तर दिलं.

"पाणी मी दहा दिवस बदललं नाही," मेधा काही वेळाने म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "अशा पाण्यात घुसमटतात ते, मग उडी मारतात. पॅकिंगच्या नादात राहिलंच. चूक माझी आहे, आई."

इथे गप्प बसता आलं असतं. पद्मावती माशाला कडेपर्यंत घेऊन गेली, वळवलं, परत आणलं. "झाकण उघडं होतं, मेधा. सकाळी मीच काढलं होतं."

"विसरायला होतं हो."

"विसरले का मुद्दाम ठेवलं, मला खरंच सांगता येत नाही." तिने ते म्हणून टाकलं आणि मग तिचे कान तापले. यादम्माला मराठी कळत होतं की नाही कोण जाणे, पण तिने खाली पाहिलं. फोनमध्ये नुसती दूरवरची लिफ्टची घंटी ऐकू आली.

"हात थांबवू नका," मेधा म्हणाली.

तिने थांबवले नव्हते. कमरेत कळ आली, पावलांना मुंग्या आल्या, बोटं पाण्याने पांढरी पडून सुरकुतली. देवघरात निरांजन विझून गेलं असणार. खाली भाजीवाला ओरडत येऊन गेला. मेधा मध्येच कुणाशी तरी इंग्रजीत दोन वाक्यं बोलायची आणि परत यायची, "आहे मी, आई." पाच वर्षांत दोघी सलग इतका वेळ एकमेकींशी बोलल्या नव्हत्या, आणि बोलत होत्या काय तर पुढे, वळवा, पुढे. पद्मावतीला मध्येच एकदा वाटलं की हा मेला काय आणि जगला काय, हे असंच चालू राहावं. आणि त्या विचाराची तिला लगेच लाज वाटली. तिने काकांचं तोंड पुन्हा बुडबुड्यांकडे केलं.

"आई, ऐका," मेधा म्हणाली. "इतका दमलेला मासा लगेच हलवता येत नाही. गाडीत एवढ्या लांब तर मुळीच नाही. तो अजून आडवा होत असेल तर मी आत्ता ट्रकवाल्याला फोन करते, शनिवारचं रद्द करते. तेजसला मी सांगेन काय ते. नाहीतरी..." ती थांबली. "पुढच्या महिन्यात बघू मग. किंवा दसऱ्यानंतर. मला इथून दिसत नाहीये, तुम्हीच सांगा. सरळ राहतोय का आडवा होतोय?"

पद्मावतीचे हात रिकामे होते. मेधा 'ट्रकवाल्याला' म्हणाली तेवढ्यातच कधीतरी तिच्या तळहातावर एक जोरकस गुदगुली झाली होती आणि काका निघून गेले होते. ते टबाच्या पलीकडच्या कडेशी होते. शेपटीची एक कड फाटली होती, एका बाजूचे खवले निस्तेज होते, पण पाठ वर होती आणि पोट खाली. त्यांनी कडेकडेने एक फेरी मारली, बुडबुड्यांपाशी थबकले, आणि तोंड खाली ओढून वर तिच्याकडे पाहिलं. यादम्मा हसत होती, तोंडावर पदर धरून. आणि पद्मावतीच्या मनात आनंदाच्या पाठोपाठ, त्याला चिकटूनच, दुसरी गोष्ट आली. आडवा. एक शब्द. दसऱ्यापर्यंत तेजसची खोली भरलेली राहील, सकाळी साडेसातला दार वाजेल, संध्याकाळी टाकीसमोर कुणीतरी बोलेल. मेधाला काही दिसत नव्हतं, आणि त्या 'नाहीतरी'मध्ये तिचाही पाय अडकलेला होता. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. तिचा चेहरा अगदी शांत होता, हे तिला आरशाशिवाय कळत होतं. टबात काकांनी दुसरी फेरी पुरी केली.

"आई?"

"सरळ आहे," ती म्हणाली. मग फोनकडे वाकून पुन्हा म्हणाली, "सरळ आहे, मेधा. माझ्या हातातून सुटून गेला. फेऱ्या मारतोय टबात. तीन दिवसांनी बाकीच्यांबरोबर नीट प्रवास करील. ट्रक शनिवारीच येऊ दे."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मेधा म्हणाली, "बरं."

पद्मावतीने ओल्या हाताने फोन उचलून कानाशी धरला. गुडघ्यांवर, साडीवर, फरशीवर सगळीकडे हिरवट पाणी होतं.

"मेधा," ती म्हणाली, "झाकण मुद्दाम उघडं नव्हतं गं ठेवलं. आत्ता कळलं मला."